झुरिक : जिथे गिनीपिग एकटा ठेवता येत नाही

स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने १९७८ साली पन्नास फ्रँकची जी नोट काढली, तिच्या दर्शनी बाजूस एका दाढीधारी गृहस्थाचे चित्र होते आणि मागील बाजूस घुबडाचे. हा गृहस्थ राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. तो होता झुरिक शहराचा वैद्य आणि निसर्गाचा अभ्यासक कॉनराड गेसनर (१५१६–१५६५). चलनी नोटेवर वैद्य आणि घुबड यांना स्थान देणारा देश पैशाच्या बाबतीत मात्र किती काटेकोर आहे, हे व्यापारी घराण्यांना सांगावयास नको.

युंगफ्राऊचे हिमशिखर, लुसर्नचा लाकडी पूल आणि सोबत जैन भोजनाची व्यवस्था, असा स्वित्झर्लंडचा प्रवास आता अनेक कुटुंबांना परिचित आहे. झुरिकला बहुधा विमान बदलण्यापुरतेच थांबणे होते. शहरातील जुन्या वनस्पती उद्यानात गेसनरच्या नावाने औषधी वनस्पतींची एक बाग जोपासलेली आहे. तिथपर्यंत सहली सहसा जात नाहीत. युरोपात गिनीपिगचे जे अगदी आरंभीचे वर्णन झाले, ते १५५४ मध्ये याच गेसनरने केले, असे मानले जाते. ज्या शहरात या प्राण्याची प्रथम नोंद झाली, त्याच देशात साडेचार शतकांनंतर त्याच्या एकटेपणाचा विचार कायद्याने केला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या प्राण्याच्या नावांची मोठी गंमत आहे. झुरिकच्या जर्मन भाषेत त्याचे नाव ‘समुद्राचे डुकरू’ अशा अर्थाचे, तर जिनिव्हाच्या फ्रेंचमध्ये ‘हिंदचे डुक्कर’ अशा अर्थाचे. वस्तुतः त्याचा ना डुकराशी संबंध, ना हिंदुस्थानाशी. अमेरिकेलाच ‘इंडीज’ समजण्याची जी चूक युरोपीय दर्यावर्दींनी केली, तिचा हा उरलेला अंश. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारांवरचा, उंदीर-खारीच्या कुळातला तृणभक्षक. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले, स्वयंपाकघराच्या उबेत कळपाने वाढविले, आणि स्पष्टच सांगावयाचे तर खाण्यासाठीच वाढविले. ‘कुई’ हे त्याचे तिकडचे नाव त्याच्याच शिट्टीवरून पडले, असे सांगतात. युरोपात येऊन तो मुलांचा सवंगडी झाला. मात्र कळप मागे राहिला.

ही उणीव स्वित्झर्लंडच्या प्राणिसंरक्षण नियमावलीने हेरली. १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार, समूहाने राहणाऱ्या जातींच्या प्राण्यांना स्वजातीयांचा सहवास मिळाला पाहिजे. गिनीपिग किमान दोन तरी ठेवावयासच हवेत. त्यांना गवत, कुरतडण्यासाठी काहीतरी आणि लपण्यास आसरा हवा, हेही त्यात नमूद आहे. प्राण्याला मारू नये, असे हा कायदा म्हणत नाही. त्या देशातील भोजनगृहे पाहता ते उघडच आहे. ज्याला जगवावयाचे त्याला कसे जगवावे, एवढेच तो सांगतो. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ही मर्यादा खटकेल, आणि ती खटकावीच. तरीही उपाशी न ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे, ही जाण मोलाची आहे.

स्वजातीयाचाच आग्रह का, हे त्याच्या आवाजांवरून समजते. पिशवीची सळसळ किंवा शीतकपाटाचे दार ऐकताच तो जी कर्कश शिट्टी घालतो, ती माणसासाठी असते : ‘खाऊ आणा’. ही शिट्टी मुलांना फार आवडते. मात्र आईपासून दुरावलेले पिल्लूही अशीच शिट्टी घालून तिला हाक मारते, हे ठाऊक झाल्यावर तिच्याकडे केवळ कौतुकाने पाहता येत नाही. अंग सैल सोडून बसला असता येणारी मंद, सखल घुरघुर समाधानाची. तीच घुरघुर जाड होऊन, मागचे अंग डोलवीत आली, तर नर मादीची मनधरणी करीत आहे किंवा कोणीतरी आपला मान प्रस्थापित करीत आहे, असे समजावे. दातांची कडकड म्हणजे रागाची ताकीद. अशा वेळी बोट पुढे करू नये. किंकाळी भयाची वा वेदनेची. आणि क्वचित रात्री पाखरासारखी किलबिल ऐकू येते. तिचा उलगडा जाणकारांनाही नीटसा झालेला नाही. यांतील निम्म्याहून अधिक बोली दुसऱ्या गिनीपिगसाठीच आहे. ससा शेजारी ठेवून भागत नाही. त्याची भाषा निराळी, आणि त्याची एक लाथही या इवल्या जिवाला इजा करू शकते. माणसाच्या मांडीची उबही पुरत नाही, कारण माणूस दुकानात जातो, शाळेत जातो, रात्री झोपतो.

नियमातून एक व्यावहारिक पेच निर्माण झाला. पाच ते आठ वर्षांचे आयुष्य. दोहोंपैकी एक आधी जाणारच. मागे राहिलेल्यासाठी नवा आणावा, तर पुढे तो एकटा पडणार, आणि ही साखळी कधीच तुटावयाची नाही. यावर तेथील काही पाळणाऱ्यांनी तोडगा काढला तो उसन्या सोबत्याचा. वृद्ध गिनीपिगसाठी एक जोडीदार न्यावयाचा आणि त्याचे आयुष्य संपले, की जोडीदार मूळ कळपात परत करावयाचा. या कर्जाची मुदत ऋणकोच्या आयुष्याएवढी असते, आणि परतफेड होते ती घरात शांतता पसरल्यावर.

आपल्याकडील शहरांतही आता मुलांच्या वाढदिवसाला गिनीपिग आणले जातात, बहुधा एकच. त्यांनी काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. तो थंड पठारावरचा जीव. वैशाखाच्या उन्हात बंद गच्चीवर दगावतो. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून वाळल्या गवताबरोबर रोज ढोबळी मिरचीसारखा ताजा भाजीपाला हवा. कांदा, लसूण आणि बटाटा त्याला वर्ज्य आहेत. या बाबतीत जैन स्वयंपाकघरात त्याची सोय उत्तम होईल. नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात, तेव्हा दोन माद्या बऱ्या. आणि जिथे दोघांना जागा, वेळ वा तयारी नाही, तिथे एकही आणू नये.

झुरिकच्या उपनगरांतील घरांमागे कुंपण घातलेल्या हिरवळीवर लाकडी खुराडी दिसतात. हाक मारल्यास आतून बहुधा काहीच हलत नाही. थोडा वेळ दूर उभे राहिल्यास मात्र गवताखालून आधी एक नाक बाहेर येते, मग त्याला चिकटून दुसरे, आणि चरताना त्यांची बारीक कुजबुज चालू राहते, ती तेथे उभ्या असलेल्या माणसासाठी नसते.