म्हातारी सुटते तेव्हा

डँडेलियनला मराठीत आपलं असं नाव नाही. थंड मुलखातलं ते फूल. काश्मिरात त्याच्या पानांची भाजी करतात, पण आपल्याकडे परसात ते उगवत नाही. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ सिंहाचा दात. पानांची कड करवतीसारखी असते म्हणून. तेव्हा ‘सिंहदंती’ असा एखादा शब्द घडवता आला असता. पण मी ज्या मजकुराचं मराठी करत होते, त्यात पानांना काही काम नव्हतं. पिवळ्या पाकळ्या गळून गेल्यावर देठाच्या टोकाशी उरणारा, फुंकरीसरशी उधळणारा पांढरा गोळा, त्याच्याबद्दल ते लिहिलेलं होतं. लिहिणारी आणि त्याची चित्रं काढणारी बाई एकच. लिलियस ट्रॉटर.

लिलियसचा जन्म 1853 सालचा, लंडनच्या सुखवस्तू घरातला. 1876 मध्ये ती आईबरोबर व्हेनिसला गेली होती. त्याच वेळी जॉन रस्किन तिथे आहेत असं कळल्यावर आईने मुलीची काही जलरंगचित्रं त्यांच्याकडे पाठवून दिली. रस्किन म्हणजे त्या काळातले इंग्लंडमधले सर्वांत वजनदार कलासमीक्षक. बायकांना चित्र काढता येत नाही, असं त्यांचं तोवर ठाम मत होतं. ते मत या मुलीमुळे बदललं, हे त्यांनी पुढे 1883 साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सर्वांसमक्ष सांगितलं. त्याआधी 1879 मध्ये त्यांनी तिच्यापुढे सरळ प्रस्ताव ठेवला होता: पूर्णपणे चित्रकलेला वाहून घे, तू आजच्या चित्रकारांत अव्वल ठरशील. तिने काही दिवस विचार केला आणि नकार दिला. रस्किनना अभिप्रेत होतं तसं कलेला वाहून घेणं आणि देवाचं राज्य आधी शोधणं, ही दोन्ही आपल्याच्याने एकत्र होणार नाहीत, असं तिला वाटलं.

इथपर्यंतची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. भाविक सांगतात तेव्हा ती थोर त्यागाची गोष्ट होते, कलाप्रेमी सांगतात तेव्हा मोठ्या नुकसानीची. दोघांनीही मनोमन गृहीत धरलेलं असतं की तिने ब्रश खाली ठेवला. तसं झालं नाही. 1888 मध्ये ती दोन मैत्रिणींबरोबर अल्जीरियाला गेली. तब्येत नाजूक म्हणून मिशन संस्थेने तिला नाकारलं होतं, म्हणून स्वतःच्या खर्चाने गेली. अरबीचा एक शब्द येत नव्हता. 1928 मध्ये ती वारली तीही तिथेच. मधल्या चाळीस वर्षांत अरबी शिकणं, अल्जीअर्सच्या कसब्यातल्या बायकांमध्ये काम, सहाराच्या कडेकडेने प्रवास, आणि या सगळ्याबरोबर चित्रं. मात्र ती आता प्रदर्शनाच्या भिंतीसाठी नव्हती. रोजनिशीच्या पानाच्या कोपऱ्यात बसतील एवढी लहान होती. ‘पॅरेबल्स ऑफ द क्रॉस’ आणि ‘पॅरेबल्स ऑफ द ख्राईस्ट-लाईफ’ ही तिची दोन छोटी पुस्तकंही अशीच, मजकूर आणि चित्र एकमेकांना धरून चालणारी.

‘पॅरेबल’ला मराठी बायबलात ‘दाखला’ म्हणतात. अरबीतून आलेला हा शब्द मला तिच्यासाठी शोभेलसा वाटला, पण आजच्या वाचकाला दाखला म्हटलं की जन्ममृत्यूची नोंद आणि कचेरीची रांग आठवते. दुसरा शब्द ‘दृष्टांत’. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त आधी चक्रधरांचं सूत्र, मग रोजच्या जगण्यातला दृष्टांत आणि मग त्याचा लागू केलेला अर्थ, अशी मांडणी आहे. लिलियसच्या बाबतीत क्रम उलटा आहे असं मला दिसत गेलं. आधी फूल, आणि तेही अगदी बारकाईने पाहिलेलं. सूत्र त्याच्यामागून येतं.

उदाहरणार्थ तिचं बटरकप. कळी असताना हिरवी निदलं पाकळ्यांना घट्ट धरून असतात. फूल कोवळं असताना ती दिवसा सैलावतात, पण पाऊस आला किंवा रात्र झाली की पुन्हा मिटू शकतात. फूल पुरतं वयात आलं की ती मागे वळतात, इतकी की पुन्हा मिटायची ताकदच त्यांच्यात उरत नाही. पाकळ्या मग केव्हाही गळायला मोकळ्या. धरून ठेवणारे हात उघडतात कसे, हे तिला सांगायचं आहे. पण सांगण्याचा सगळा भार निदलांच्या त्या वळणावर आहे. ते जरा चुकीचं काढलं असतं तर दृष्टांतही खोटा पडला असता.

निसर्गावर आपल्या भावना लादणाऱ्या कवींना रस्किननेच नाव ठेवलं होतं. ‘पॅथेटिक फॅलसी’ ही संज्ञा त्यांची, 1856 ची. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही ती घोकली होती. त्यांच्या या शिष्येची फुलं रडत नाहीत की हसत नाहीत. फूल जे करतं तेवढंच ती काढते. श्रद्धेने तिच्या फुलांना रंग चढवला असं मी म्हणणार नाही. श्रद्धेमुळे तिला एका फुलापाशी जास्त वेळ थांबता आलं. देवाने हे केलं असेल तर त्यात एक रेषही फुकट नसणार, असं मानणारा माणूस पाहताना घाई करत नाही. मी ख्रिस्ती नाही. तरी रेव्हरंड टिळकांची फुलं वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला अशी नजर परकी वाटू नये.

तिच्या कामातल्या एका बाजूशी माझं जमत नाही. 1830 पासून फ्रेंचांच्या टाचेखाली असलेल्या मुलखात एक इंग्रज बाई मुसलमानांना धर्म सांगायला जाते, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही आणि निरागसही नाही. तिने उत्तरायुष्यात सूफी वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यांची भाषा आणि त्यांची तहान समजून घेण्याचा मनापासून प्रयत्न केला. तरी सांगायचं काय ते तिचं आधीच ठरलेलं होतं. भाषांतर करताना मी हे लपवलं नाही. फुलं सुंदर आहेत म्हणून बाकीचं माफ, असा हिशेब मला करता येत नाही.

पण माझं काम अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. डँडेलियनचा तो पांढरा गोळा देत राहतो, काहीच उरेपर्यंत देत राहतो, असा तिच्या म्हणण्याचा आशय. मराठीत हे लिहायला बसलं की ‘त्याग’, ‘समर्पण’, ‘झिजणं’ हे शब्द हात जोडून उभेच असतात. चंदनापासून पणतीपर्यंत सगळी उदाहरणं तयार, आणि बहुतेक वेळा झिजणारी बाईच. त्यात अजून एका फुलाची भर घालायची मला इच्छा नव्हती.

माझी आई साताऱ्याला मुलींच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होती. एलिमेंटरी, इंटरमीजिएटला तिच्या किती मुली बसल्या त्याची मोजदाद नाही. निरोपसमारंभात एका पाहुण्यांनी भाषण केलं की बाईंनी संसारासाठी आणि शाळेसाठी आपल्यातल्या कलावंताचा त्याग केला. आई घरी आली ती फणफणत. “त्याग कसला? रोज सहा तास चित्रच काढत होते की मी!” आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिने आपली जलरंगचित्रं एकेक करून जुन्या विद्यार्थिनींना देऊन टाकली. हैदराबादहून मी फोनवर म्हटलं, एक तरी माझ्यासाठी ठेव. ती म्हणाली, “तुला हवं होतं तर आधी मागायचं. ते गेलं.” तिच्या आवाजात दुःख नव्हतं. मला मात्र वाईट वाटलं, अजून वाटतं.

तिला डँडेलियनचा फोटो पाठवला तर तिने लगेच लिहिलं, “अगं, ही म्हातारी.” रुईचं बोंड तडकलं की रेशमी केसांचं बी हवेत तरंगत येतं, त्याला आम्ही लहानपणी म्हातारी म्हणायचो आणि तिच्यामागे धावायचो. माझी मल्याळी मैत्रीण सांगते, त्यांच्याकडे ते ‘अप्पूप्पन्-ताडी’ असतं, म्हणजे आजोबांची दाढी. फ्रेंचांनी पान पाहून नाव दिलं. आपल्या भाषांनी उडणारं बी पाहिलं आणि त्यात थकवा न पाहता वय पाहिलं. रुई वेगळी, डँडेलियन वेगळं, हे मला ठाऊक आहे. फुलाचं नाव मी डँडेलियनच ठेवलं. पांढऱ्या गोळ्यातल्या बियांना मात्र म्हातारी म्हटलं.

आणि क्रियापद त्या नावासोबतच आलं. म्हातारी त्याग करत नाही, झिजत नाही. ती सुटते. फळ पिकलं की देठ सुटतो, तसं. देठाच्या टोकाशी मग बारीक खळगे असलेली एक उघडी चकती उरते. लिलियसने रस्किनना जो नकार दिला तो त्याग होता की सुटणं, हे तिच्या वतीने मी सांगू शकत नाही. माझ्या मसुद्यात त्या वाक्यापाशी ‘त्याग’ खोडून ‘सुटणं’ लिहिलेलं आहे. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह केलं होतं. मी शब्द बदलला नाही.