ओल

आमचं गाव गगनबावड्याच्या अंगाला. मिरगाला सुरू झालेला पाऊस दसऱ्यापर्यंत पाठ सोडायचा नाही. कापडं चुलीवरच्या दोरीवर वाळायची. चपलांना बुरा, लोणच्याला बुरा, दप्तराच्या पट्ट्यालाही बुरा. आज्जी म्हणायची, "पावसुळ्यात जे हालत न्हाई, त्येला बुरा लागतो."

घर मातीचं. दीड हात रुंद भिंती, वर पांढऱ्या मातीचा गिलावा. 1984 साली उसाचं बिल हातात आलं आणि आबांनी माजघराला आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर आकाशी ऑइलपेंट. बायामाणसं येऊन भिंतीवर हात फिरवून जायची. आबा मिशीत हसायचे. एकटी आज्जी म्हणाली, "आरं, भिंतीनं श्वास कुठनं घ्यायचा?"

पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यातला रंग गुडघ्याएवढ्या उंचीवर फुगला, मग तिथं काळे ठिपके उमटले. माती जमिनीतली ओल वर ओढते. पूर्वी ती ओल मातीच्याच गिलाव्यातून सावकाश बाहेर पडायची, चुलीची ऊब तिला वाळवायची. आता वाट बुजली होती. पण हे आम्हाला तेव्हा कुठलं कळायला!

त्याच कोपऱ्यात धाकटी झोपायची. चार वर्षांची. चांगली खोली पोरांना, म्हणून आबांनीच तिचं अंथरूण तिथं घातलेलं. श्रावणात तिला खोकला लागला. रात्री छातीतून शिट्टी वाजायची. आईनं आल्याचा रस मधातून दिला, छातीला कापराचं तेल चोळलं. आज्जीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गुण येईना.

गणपतीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "पावणं येतील, तेवढी भिंत झाडून घे रं." मी केरसुणी घेतली आणि कोरडीच खसाखसा घासली. काळी भुकटी उडाली. मला शिंका आल्या. धाकटी मागंच खेळत होती.

त्या रात्री तिला श्वास घेता येईना. ओठ निळसर पडले. यष्टी कधीच गेलेली. आबांनी तिला घोंगड्यात गुंडाळलं, वर इरलं धरलं आणि पावसातून तीन मैल चालत डॉक्टरांचं दार वाजवलं. इंजेक्शन दिल्यावर पहाटे ती जरा शांत झोपली.

डॉक्टरांनी विचारलं, "पोर झोपते तिथं ओल आहे का? भिंतीला बुरशी?" तोवर घराबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, "बुरशीची बीजं डोळ्याला दिसत नाहीत. कोरडी झाडली की खोलीभर उडतात. धाप लागणाऱ्या पोराला ती विषासारखी."

सकाळी आबांनी घरी येऊन सगळं सांगितलं. आई गप्प झाली. मी दाराआड उभा. कुणीच कुणाकडं पाहिलं नाही. आईला वाटत होतं, मीच सांगितलं. मला वाटत होतं, मीच घासलं. आणि आबांना काय वाटत होतं, ते दिवाळीनंतर दिसलं.

तोंडाला ओलं फडकं बांधून त्यांनी छिन्नी-हातोडीनं तो गिलावा स्वतःच उतरवला. पाण्याचा शिपका मारत, एकेक हात. पोरांना त्या दोन दिवसांत घरात येऊ दिलं नाही. मागची माती कार्तिकातही ओलीच होती. महिनाभर ती तशीच उघडी ठेवली, मग मातीनं लिंपून वर चुना दिला. गावातले हसले. आबा काही बोलले नाहीत. धाकटीचं अंथरूण सोप्यात आलं.

तिची धाप गेली नाही, पण तशी रात्र पुन्हा आली नाही. आता ती पुण्यात असते, पर्समध्ये पंप ठेवते. मी मात्र अजून कुणाच्या घरी गेलो, की आधी कपाटामागचा कोपरा बघतो. भिंतीला हात लावून बघतो. लोकांना वाटतं, मला रंग आवडला.