बाणावर काय लिहायचं?

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत आकृत्या पूर्ण करायच्या असतात. सरावलेली मुलं उताऱ्यातला नेमका शब्द हेरतात, चौकटीत टाकतात आणि पुढे सरकतात. अर्थ लागला नाही तरी चौकट भरते. वर्गात मनापासून आकृत्या वापरणाऱ्या शिक्षकाला आधी ही सवय मोडावी लागते.

जोसेफ नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात संकल्पना-नकाशा घडवला. मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते, हे त्यांना टिपायचं होतं. या नकाशात दोन संकल्पना जोडणाऱ्या रेषेवर शब्द लिहावे लागतात, आणि सारी मदार त्या शब्दांवरच असते. फळ्यावर ‘बाष्पीभवन’ आणि ‘ढग’ अशी दोन वर्तुळं काढून मध्ये बाण मारला की सगळ्या माना डोलतात. बाणावर काय लिहायचं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘वाफेचा ढग होतो, सर.’ पण हवेतली वाफ दिसत नाही आणि ढग तर दिसतो! मधलं काहीतरी राहून गेलंय, हे मुलांच्याच लक्षात येतं. तिथे ‘सांद्रीभवन’ येतं, त्याला ‘हवा थंड होते’ हा बाण लागतो, आणि खोलात शिरलेल्या वर्गात धूलिकणांनाही जागा मिळते. पाठातली व्याख्या पाठ असलेली मुलंही या बाणापाशी अडतात, म्हणून तिथे घाई करू नये.

शब्दढगाचं तंत्र वेगळं. जोनाथन फाइनबर्ग यांच्या ‘वर्डल’ या संकेतस्थळामुळे २००८पासून तो जगभरच्या वर्गांत पोचला. जो शब्द जास्त वेळा येतो, तो मोठा दिसतो. एवढंच त्याला कळतं. ‘धरण हवं’ आणि ‘धरण नको’ या दोन्ही मतांनी ‘धरण’च फुगतं. मराठीत आणखी एक अडचण येते. ‘पाणी’, ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ हे यंत्राच्या लेखी तीन निराळे शब्द, त्यामुळे पाण्यावरच्या धड्यात पाणीच बारीक दिसतं. तेव्हा मोजणी मुलांच्या हाती द्यावी. ती सगळी रूपं एका ओळीत आणतात आणि सामान्यरूपाचा पाठ वेगळा घ्यावा लागत नाही.

मात्र पुस्तक समोर ठेवून काढलेल्या नकाशावर विसंबू नये. कार्पिक आणि ब्लंट या संशोधकांनी २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की मजकूर पाहत नकाशा काढणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. म्हणून आधी पुस्तक मिटायचं, आठवेल तेवढा नकाशा वहीत काढायचा, मग पुस्तक उघडून सुटलेले बाण दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने भरायचे. पुढच्या तासाची सुरुवात त्या दुसऱ्या रंगापासून करता येते.