अल्मेरियातलं टेक्सास

दक्षिण स्पेनमधल्या अल्मेरिया शहरातून आमची गाडी उत्तरेला वळली आणि अर्ध्या तासात हिरवा रंग दिसेनासा झाला. दोन्ही बाजूंना पाण्याने चिरत नेलेल्या मातकट टेकड्या, मधून नदीची कोरडी पात्रं. इथे त्यांना ‘रांब्ला’ म्हणतात. हे ताबेर्नासचं वाळवंट.

इथेच सर्जिओ लिओने यांनी ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (1965) चित्रित केला. दिग्दर्शक रोमचा, पैसा इटली, स्पेन आणि पश्चिम जर्मनीचा, गोष्ट मात्र अमेरिकेच्या सीमेवरची. कलादिग्दर्शक कार्लो सिमी यांनी या माळावर अख्खं एल पासो गाव उभारलं. बँकेच्या मॅनेजरची छोटी भूमिकाही स्वतःच केली. पुढच्याच वर्षीच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’तही हे गाव दिसलं.

चित्रीकरण आटोपल्यावर सेट मोडायचा, ही सिनेमाची रीत. पण गर्दीत उभ्या राहणाऱ्या स्थानिक एक्स्ट्रांनी हे गावच विकत घेतलं आणि पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली. आज ते ‘ओॲसिस मिनीहॉलिवूड’ आहे. सलूनमध्ये कॅनकॅन नाच होतो, शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, उन्हाळ्यात पोहायला तलावही.

मुख्य रस्त्यावर बँक, तुरुंग, तबेला. आम्ही एका दुकानाच्या मागे गेलो, तर दर्शनी भिंतीला लाकडी टेकू. भिंत खोटी, पाटी खोटी. धुळीत पडलेली घोड्याची लीद तेवढी अस्सल.

तेवढ्यात बँकेवर दरोडा पडला. शेरीफ स्पॅनिशमध्ये ओरडला, बंदुका कडाडल्या, छपरावरचा माणूस धाडकन खाली आला. टाळ्या पडताच तो उठला, विजार झटकली आणि मुलांबरोबर फोटोला उभा राहिला.

आम्हाला साहजिकच ‘शोले’ (1975) आठवला. त्यावर याच इटालियन वेस्टर्नपटांची छाप आहे. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत राम येडेकरांनी रामगढ वसवलं होतं. त्या गावाला असे वारसदार मिळाले नाहीत. घरं गेली, खडक राहिले, आणि लोक अजून तिथे गब्बरचा अड्डा विचारत जातात.

इथे मात्र सगळं जागच्या जागी होतं. ऊन तापलेलं, सावली कमी. फाशीच्या तख्ताखाली एक कुटुंब डबे उघडून बसलं होतं. पुढचा दरोडा पडायला अजून वेळ होता.