उजनीचं देणं

आमच्या वेळापुरात पाहुण्याचं अप्रूप नाही. आषाढात माउलींची पालखी माळशिरसहून येते, एक रात्र थांबते आणि भंडीशेगावकडे निघते. त्या रात्री ओसरी, माडी, गोठ्यापुढची जागा, काहीच आपलं नसतं. 'कुठले तुम्ही' विचारायच्या आत आईनं पानं मांडलेली असायची. त्यामुळे पैसे घेऊन पाहुण्याला जेवू घालणं मला बरीच वर्षं रुचलं नाही. ते गळी उतरवलं तात्यांनी.

भिगवणजवळ उजनीच्या काठी कुंभारगावला गेलो तो रोहित पक्षी बघायला. तात्या तिथले होडीवाले. डिसेंबरची पहाट. तात्यांनी इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूनं होडी रेटायला लागले. "बोलू नका, जेवत्यात पाखरं." रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खातात, हे मला त्यांनी दाखवलं. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही. परतताना एका जागी त्यांनी बांबू रोवला. "हितं आमचं घर." खाली नुसतं पाणी.

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. काठची गावं उठली. पाणी आटून धरण 'मायनस'मध्ये गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, बघायला गर्दी होते. तात्या जात नाहीत. "उघडं पडल्यालं गाव काय बघायचं?"

मी सोलापुरात कॉलेजला होतो तेव्हा प्यायलो ते उजनीचंच पाणी. मामांचा मोहोळकडचा ऊस उजनीच्याच कालव्यावर. हे मी होडीतच सांगून टाकलं, काहीसं अपराध्यासारखं. तात्या म्हणाले, "मग, गोड लागलं का?"

रान गेल्यावर त्यांनी जाळं धरलं. पुढं पक्षी बघणारे यायला लागले आणि हिवाळ्यातले चार महिने होडीला दुसरं काम मिळालं. काकींच्या चुलीवरच्या चिलापीला गिऱ्हाईक लागलं. पुण्यात कंपनीत राबणारा थोरला परत आला. आता पक्ष्यांची इंग्रजी नावं घडाघडा सांगतो. उरलेले आठ महिने जाळंच. पर्यटनानं सोनं झालं वगैरे नाही, पण एक चूल विझता विझता राहिली.

एकदा माझ्यादेखत एक पाहुणा म्हणाला, थवा उडवा, फोटो घ्यायचाय. तात्यांनी होडी वळवली, त्याला काठाला उतरवलं आणि पैसे परत दिले. शब्द बोलले नाहीत. माझा तो जुना आक्षेप त्याच दिवशी मिटला.

निघताना माझ्याकडून मात्र काकींनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत. "पुढच्या खेपंला घिऊ," म्हणाल्या. अशा पाच खेपा झाल्या.

तात्या वारीला तुकोबांच्या पालखीबरोबर असतात. परवाच्या आषाढात अकलूजहून वाट वाकडी करून आमच्याकडे आले. त्यांना अर्धनारीनटेश्वराच्या देवळात नेलं, रामचंद्रदेव यादवाच्या काळातला मराठी शिलालेख दाखवला. किती जुना, त्यांनी विचारलं. सातशे वर्षं, मी म्हणालो.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हंजी सातशे वर्सं गाव जाग्यावर हाय," म्हणाले, आणि पायरीवर टेकून बराच वेळ रस्त्यावरची माणसं बघत बसले.