आबा लायलपूरहून आले तेव्हा

1972 च्या डिसेंबरात आमच्या माण तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं आणि माझे वडील पाकिस्तानच्या कैदेतून सुटून घरी आले. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटूनच बसल्या आहेत. मी तेव्हा पाचवीत होतो, म्हणजे नाव पाचवीच्या पटावर होतं. असायचो पाझर तलावाच्या कामावर, कारण तिथं सुकडी मिळायची.

आबा लष्कराच्या सिग्नलमध्ये होते. आदल्या वर्षी, लढाई थांबली त्याच आठवड्यात, घरी तार आली. ती इंग्रजी तार वाचून गुरुजी एवढंच म्हणाले, "बेपत्ता." म्हणजे नेमकं काय, हे त्यांनाही सांगता येईना. दोघीतिघी बायका आईजवळ येऊन कुंकवाबद्दल कुजबुजल्या. आईनं त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून पाण्याला गेली.

फेब्रुवारीत रेड क्रॉसकडून कार्ड आलं. पलटणीत तेव्हा शिकवत तशी इंग्रजी अक्षरांत हिंदी. चारच ओळी होत्या: मी लायलपूरच्या छावणीत आहे, तब्येत ठीक आहे, आईला नमस्कार, म्हैस कशी आहे. आम्ही उलट कळवलं, म्हैस बरी आहे. तेव्हा ती खरंच बरी होती.

जुलैत सिमला करार झाला, तेव्हा आजीला वाटलं, आता आठवड्याभरात पोरगं येईल. पण पूर्वेकडचे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपल्या ताब्यात होते, बांगलादेशला मान्यता द्यायचं घोंगडं भिजत पडलं होतं, आणि त्या ओढाताणीत पश्चिम आघाडीवरचे दोन्हीकडचे कैदी अडकून राहिले. हे मला फार पुढं कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की पाऊसही येत नाही आणि आबाही येत नाहीत. दिवाळीआधी म्हैस विकली.

नोव्हेंबर सरता सरता रेडिओवर बातमी आली की भुट्टो आपले कैदी सोडणार. 1 डिसेंबरला वाघ्यावरून सहाशेच्या वर माणसं अलीकडे आली. त्यांत वैमानिक दिलीप पारूळकरही होते. ऑगस्टमध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्द अगदी हाकेच्या अंतरावर असताना लंडी कोतलला पकडले गेले. त्यानंतर वैमानिकांनाही लायलपूरला आणलं. आबा त्या पळण्याची गोष्ट रंगवून सांगत. स्वतःची कधीच नाही.

वाघ्याचंही ते फारसं बोलत नसत. नाव पुकारलं, चालत आलो, अमृतसरच्या रस्त्यांवर ही गर्दी, गळ्यात हार मावेनात. मग छावणीत नेऊन चौकशी: कसे पकडले गेलात, त्यांनी काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, सोबत कोण होतं. "हार एक दिवस, सवाल पंधरा दिवस," असं ते म्हणायचे. त्यात तक्रार नव्हती. चौकशी करावीच लागते, हे त्यांना पटत होतं. तरी नंतर कुणी काही विचारू लागलं की उठून जायचे, त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

पुण्यापर्यंत रेल्वे, तिथून सातारा, मग दहिवडीची एसटी, आणि फाट्यावरून चालत. वाजतगाजत आणायचं गावानं ठरवलं होतं, पण ते कधी पोचणार हे कुणाला ठाऊकच नव्हतं. भर दुपारी आले. गावात म्हातारी माणसं तेवढी होती, बाकी सगळे कामावर. आजीनं दारात अडवून भाकरतुकडा ओवाळला. भाकरी रेशनच्या मिलोची, लाल आणि कडक. पुढं कित्येक वर्षं तिला याचीच खंत होती, की लेक जिता परत आला आणि त्याच्यावरून ओवाळायला घरात शाळूची भाकरी नव्हती.

आबांनी पाणी मागितलं नाही. गोठ्यात डोकावले, मग थेट तलावाच्या कामावर आले. मी खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत आईशेजारी बसलो होतो. मुकादम हजेरी घेत होता. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव त्यानं पुकारलं आणि वर बांधावर उभा असलेला तो दाढी वाढलेला माणूस टाचा जुळवून ताठ झाला. मी ओळखलं नाही. आईनं ओळखलं. तिनं हातोडा खाली ठेवला आणि म्हणाली, "तुजा बाप आला रं."

छावणीत गिनती सकाळ-संध्याकाळ व्हायची. निसटलेल्यांची कुणकुण आबांना लागली ती गिनती वाढली तेव्हा. घरी आल्यावर रात्री ते कंदील घेऊन झोपलेल्यांवरून फिरायचे. आम्ही चौघंच होतो.

संक्रांतीच्या सुमारास खटावकडची एक बाई मुलाचा फोटो घेऊन आली. त्याचीही तार 'बेपत्ता'चीच होती. आबांनी फोटो उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला आणि नाही म्हणाले. पुढच्या वर्षीही ती आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी त्यांनी फोटो हातात घेऊन नव्यानं पाहिला. सवाल विचारल्यावर आबा उठून गेले नाहीत, अशी तेवढी एकच बाई.

सरकारी यादीत तसे 54 जण राहिले. 2007 साली त्यांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. कुणीही सापडलं नाही.