निरोप पोचला पाहिजे

वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेत घंटा असेल, फळा असेल, कदाचित संगणकही असेल. पण शाळेच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला न्यायचा म्हटला, की अजूनही एखाद्या पोराचे पायच कामाला येतात. "पळ रे, सरांना सांगून ये," एवढे म्हटले की झाले. अठ्ठावीस वर्षे मास्तरकी केली, मीही हेच करत आलो. त्यात काही चुकते आहे असे कधी वाटले नाही. श्रावणातल्या एका दुपारी मात्र वाटले, आणि ते अजून मनातून गेलेले नाही.

आमची शाळा सह्याद्रीच्या पायथ्याला. इमारत गावाला लागून आणि खेळाचे मैदान ओढ्यापलीकडे माळावर. मध्ये अर्ध्या किलोमीटरचे अंतर. गाव डोंगराच्या कुशीत, त्यामुळे मोबाईलला रेंज नाही. वर खिंडीतल्या देवळापाशी गेले, तरच फोन लागतो.

त्या दुपारी आठवीचा वर्ग मैदानावर होता. गवतात गेलेला चेंडू आणायला एक मुलगा धावला आणि ओरडतच खाली बसला. साप दोघा पोरांनी पाहिला. मी त्याला आडवे केले, पाय हलू दिला नाही, धीर दिला आणि दुसऱ्या मुलाला शाळेकडे पिटाळले. ओढ्याला पाणी होते, म्हणून तो साकवावरून वळसा घालून गेला. मुख्याध्यापक वर्गावर, शिपाईमामा टपाल आणायला गेलेले. मग मोटारसायकल शोधा, ती खिंडीत न्या, तिथून १०८ नंबर लावा. इकडे माझ्या मांडीवर पोराचे डोके आणि भोवती चाळीस भेदरलेली मुले. निरोप पोचला की वाटेतच राहिला, हे कळायला काही मार्ग नव्हता. साकवावर पहिला माणूस दिसला, तेव्हा पस्तीस मिनिटे गेली होती.

शेवटी गावातल्याच एका जीपमधून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. सर्पदंशावरचे इंजेक्शन तिथे होते, पोर वाचले. फुरसे असावे, असे डॉक्टर म्हणाले. पाय मांडीपर्यंत सुजला, तीन आठवडे तो अंथरुणावर होता. मी भेटायला गेलो, तेव्हा त्याची आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

लहानपणी उसाच्या हंगामात कारखान्याच्या जीपमध्ये मी बिनतारी संच पाहिला होता. जीपमधला माणूस बटण दाबून बोलायचा आणि पलीकडून उत्तर यायचे. उसाच्या गाड्यांसाठी जे चालते ते पोरांसाठी का नको, हा विचार तेव्हा डोक्यात शिरला. मी शाळा समितीपुढे वॉकी-टॉकीचा विषय काढला. "पत्रे गळताहेत अन् मास्तरांना खेळणी पाहिजेत," असे एक सभासद म्हणाले. त्यांचेही खोटे नव्हते, पत्रे गळतच होते. पण चार संचांचा खर्च एका चांगल्या शेळीएवढा निघाला, आणि त्या पस्तीस मिनिटांची आठवण सगळ्यांनाच होती. वर्गणीतून काम झाले.

आता हा संच चालतो कसा, ते सांगतो. मोबाईलला मनोरा लागतो, याला लागत नाही. याचा आवाज एका संचातून थेट दुसऱ्यात जातो. बटण दाबायचे, क्षणभर थांबायचे, बोलायचे आणि सोडून ऐकायचे. एका वेळी एकानेच बोलायचे, पण ऐकू मात्र सगळ्यांना येते. म्हणूनच शाळेला हा सोयीचा. एक निरोप साऱ्यांना मिळतो. मात्र खोक्यावर लिहिलेल्या किलोमीटरांवर भुलू नका. मोकळ्या माळावर आवाज लांब जातो, पण भिंती आणि डोंगर आडवे आले की तुटतो. आमच्या मैदानावरून शाळेत नीट ऐकू येते, टेकडीमागे काहीच नाही. म्हणून एक संच मैदानावर, एक कार्यालयात, एक शिपाईमामांकडे आणि चौथा खिंडीतल्या गुरवांच्या घरी ठेवला. निरोप तिथवर संचाने जातो, तिथून पुढे फोनने.

घेताना कायदाही पाहावा. कोणताही संच वाटेल तसा वापरता येत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. बाकीच्यांना परवाना लागतो. घरबसल्या मागवलेल्या मालात बेकायदा संच निघू लागले, म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी नियम काढले. तेव्हा दुकानदाराला पट्टा विचारा, सरकारी मान्यतेचा कागद मागा आणि बिल घ्या.

नुसता संच घेऊन मात्र भागत नाही. रोज प्रार्थनेच्या वेळी चौघेही "ऐकू येतंय" म्हणतात. ज्याचा आवाज येत नाही, त्याची बॅटरी आधी पाहतात. बोलायचे ते थोडक्यात: कुठे, काय झाले, काय हवे. मुलाच्या घरच्या गोष्टी त्यावर बोलायच्या नाहीत, कारण त्याच चॅनेलवर कोणीही ऐकत असेल.

गेल्या पावसाळ्यात वर डोंगरात पाऊस कोसळला. मैदानावर ऊन होते. मुले परतायला निघाली, तोच बाईंचा आवाज आला, "साकवावर पाणी आलंय, तिथंच थांबा." दोन तास आम्ही माळावरच्या गोठ्यात बसून गाणी म्हटली. घरोघर निरोप आधीच गेला होता, त्यामुळे ओढ्याकाठी एकही आई रडत उभी नव्हती.

तर मंडळी, पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा एवढेच विचारा: मैदानावर पोराला काही झाले, तर कार्यालयात किती मिनिटांत कळेल? उत्तर तोंडी घेऊ नका, घड्याळ लावून एकदा माणूस धाववून पाहा. संचाला पैसे नसतील, तर निदान शिट्टीची खूण ठरवा: तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत पाहिजे. आणि साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका; पाय स्थिर ठेवा आणि सरळ दवाखाना गाठा.

तो मुलगा आता बापाबरोबर शेती करतो. पाय ठणठणीत आहे. वाटेत भेटला की तोच हसून विचारतो, "सर, ऐकू येतंय का?"